दुसऱ्या खेपेचे मोदक

मैत्रिणींनो, गणपतीच्या दिवशी पानावर बसलेल्या पाहुण्याने मोदकाला हात लावला नाही, तर घरच्या बाईच्या मनात काय काय येतं हे तुम्हाला सांगायला नको. उकड चिवट झाली का? गूळ जास्त पडला का? वेलदोड्याच्या डबीतून भलतंच काही गेलं का? गेल्या वर्षी आमच्या महाडच्या घरी नेमका असा प्रसंग यायचा होता. तो टळला, कारण पाहुणीनेच आधी सांगून ठेवलं होतं आणि सासूबाईंनी त्यावर तोड काढली होती. मोदकांचं निभावलं. पुढे जे झालं त्यावर मात्र सासूबाईंकडेही तोड नव्हती.

पाहुणी म्हणजे आमच्या शाळेतल्या नगरच्या बाई. मी आठवड्यातून तीन दिवस पोलादपूरला शिकवायला जाते. त्या रोज जातात, पण राहतात महाडलाच, त्यामुळे एसटीत शेजारी शेजारी बसून आमची मैत्री जमली. माहेर अहमदनगरचं. आता त्या शहराचं नाव अहिल्यानगर झालं, पण शाळेत त्या नगरच्या बाईच राहिल्या. चार पिढ्यांपासूनचं ख्रिस्ती घराणं. यजमान नोकरीसाठी पनवेलला, मुलगा तिथेच शिकतो, बाई इथे एकट्या. शिकवतात मराठी, आणि व्याकरण असं पक्कं की हेडमास्तरांच्या नोटिशीतले ऱ्हस्वदीर्घसुद्धा लाल पेन्सिलीने दुरुस्त करून परत पाठवतात.

आणि आमचे हे? देव न मानणारे! एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात केमिस्ट आहेत. कपाटात आगरकर, र. धों. कर्वे, दाभोलकर, सगळे ओळीने बसलेले. सासूबाईंसाठी म्हणून गणपती आणतात, टोपी घालून पाटावरून नीट घरात घेऊन येतात, आणि आरती सुरू झाली की स्वयंपाकघरात जाऊन सगळ्यांसाठी चहा ठेवतात. सासूबाई म्हणतात, "देव मानत नाही तर नाही, चहा तरी वेळेवर करतो."

तर मी बाईंना चतुर्थीचं जेवायला बोलावलं. एसटीत खिडकीबाहेर बघत त्या म्हणाल्या, "येईन की. पण एक सांगते, राग मानू नका. नैवेद्य दाखवलेलं मी खात नाही. बाकी सगळं चालेल."

खरं सांगते, क्षणभर लागलं मला. आपण इतकं मायेने करायचं आणि हे काय! घरी येऊन मी तोंड पाडून सासूबाईंना सांगितलं. त्या नारळ खवत होत्या. विळीवरून नजर न काढता म्हणाल्या, "नैवेद्याला लागतात एकवीस. ती झाली पहिली खेप. नंतर जी लावशील ती देवापुढे गेलेलीच नाही. ती आपली घरची. तीच वाढ त्यांना. आणि आमटीभात आधी वेगळा काढून ठेव."

इतकं सोपं! अशा पाहुण्यांना बोलवायचं असेल तर तुम्हीही ध्यानात ठेवा. आधी विचारून घ्यावं, आणि वेगळं करायचं म्हणजे कमी प्रतीचं करायचं नाही. दुसऱ्या खेपेला मोदकपात्रात हळदीचं पान नवं घालावं, जुन्या पानाला वास राहत नाही. उकडीचा अर्धा गोळा तोवर ओल्या फडक्याखाली झाकून ठेवावा आणि वळायला घेताना तुपाचा हात लावून पुन्हा मळून घ्यावा, म्हणजे पाऱ्या फाटत नाहीत.

जेवायला बाईंखेरीज यांच्या कारखान्यातले दोघेजण होते. बाईंनी पाच मोदक खाल्ले, वरून तूप मागून घेतलं. बाहेर पाऊस धो धो. सावित्रीचं पाणी चढतंय अशी बातमी कुणीतरी आणली. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "पुन्हा पूर येतो की काय!" त्यावर आमचे हे बाईंकडे बघत म्हणाले, "त्यात काय, बाईंच्या येशूला बोलवू. तो पाण्यावरून चालत जाऊन स्टँडवर रिक्षा थांबवून ठेवील."

हशा झाला. दुसऱ्याला जोर आला. "पाण्याची दारूपण करतो म्हणे. म्हणजे पुराचं पाणी वाया जायला नको!"

पुन्हा हशा. आणि मैत्रिणींनो, लपवत नाही, ताकाचं पातेलं हातात धरून मीही हसले. वाढणारी बाई पंगतीबरोबर हसते, तसं. बाईंनी ताक संपवलं, सासूबाईंना वाकून नमस्कार केला, मोदक फार छान झाले होते म्हणाल्या आणि छत्री उघडून निघून गेल्या. शाळा सुरू झाली त्या दिवशी एसटीत त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

मला वाईट वाटलं. पण चार दिवसांनी आमच्या शाळेतल्या शिपाईमावशींनी एक कळ लावून दिली. जुलैत, पावसाच्या गप्पा चालल्या असताना, नगरच्या बाई शिक्षकांच्या खोलीत आमच्या यांच्याविषयी काय बोलल्या म्हणे, तर "देव न मानणाऱ्यांचं बरं असतं. पूर आला तरी हाक मारायला कुणी नाही, त्यामुळे घसा तरी बसत नाही." तिथेही हशा झाला होता. मी त्या दिवशी शाळेत नव्हते. झालं! माझं वाईट वाटणं पळालं आणि राग आला. पंधरा दिवस आम्ही दोघी एका एसटीतून, एका शाळेत, एका खोलीत, आणि बोलणं फक्त फळ्याच्या डस्टरपुरतं.

घरी मी यांच्याशी भांडले. हे म्हणाले, "अगं, चेष्टा केली. चमत्कारावर हसायचं नाही तर कशावर? आम्ही काय कमी सोसलंय?" आणि कपाटाकडे हात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही, म्हणून थोडं सांगते. आगरकर जिवंत असताना पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. जिवंत माणसाची! घरात यशोदाबाई असतील, त्यांनी ती ऐकली असेल, याचा विचार त्या मिरवणुकीतल्या कुणी केला असेल का? आणि गंमत बघा, त्या यशोदाबाई स्वतः देवधर्म पाळणाऱ्या होत्या आणि देव न मानणाऱ्या नवऱ्याने त्यांच्या पूजेअर्चेत आडकाठी केली नाही. कर्व्यांचं तर थेट ख्रिस्ती मंडळींशीच बिनसलं. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. मिशनऱ्यांचं कॉलेज. संततिनियमनाचा प्रचार करतात म्हणून कॉलेजला ते नकोसे झाले आणि १९२५ साली त्यांना नोकरी सोडावी लागली. आज आपण दवाखान्यात जाऊन जे उघडपणे विचारतो, ते सांगितल्याबद्दल!

"आणि विलेपार्ल्याचं विसरलीस?" हे म्हणाले.

ते बहुतेकींना आठवत असेल. २०१२ च्या मार्चमध्ये पार्ल्याजवळ इर्ल्याच्या वेलांकनी मातेच्या चर्चबाहेर क्रुसावरच्या येशूच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक रांगा लावून ते पाणी तीर्थासारखं नेऊ लागले. सनल एडामरुकू नावाचे विवेकवादी कार्यकर्ते दिल्लीहून आले, त्यांनी आसपास हिंडून पाहिलं आणि सांगितलं, की जवळचं गटार तुंबलं आहे, ते पाणी भिंतीतून वर चढून क्रुसातून बाहेर येतं. पाणी वर कसं चढेल असं वाटतं ना? निरांजनात आपण रोज बघतो. वातीचं एक टोक तेलात असतं, आणि तेल वातीतून आपलं आपण वर चढतं. बादलीच्या काठावर पंचा अर्धा आत अर्धा बाहेर टाकून बघा, तासाभरात फरशी ओली. तेच.

इतकं सांगून ते थांबलं असतं तर बरं होतं. पण टीव्हीवर वाद झाला, पाण्यावरचं बोलणं चर्चवर गेलं, पोपवर गेलं. श्रद्धाळू दुखावले, पोलिसांत तक्रारी झाल्या, धार्मिक भावना दुखावल्याचं २९५-अ कलम लागलं, आणि अटक होईल म्हणून ते गृहस्थ देश सोडून फिनलंडला गेले. मला विचाराल तर गटार तुंबलंय हे सांगणाऱ्यावर पोलीस सोडणं ही कुठल्याही चेष्टेपेक्षा मोठी चूक. ते पाणी कुणा मुलाला पाजलं असतं तर? हे मी यांना त्या रात्रीही म्हटलं. "पण," मी म्हटलं, "त्यांनी गटार शोधलं. तुम्ही काय शोधलंत? तुम्ही जेवायला बोलावलेल्या बाईला हसलात."

हे गप्प बसले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "चेष्टा निराळी, कुचेष्टा निराळी." त्यांना झोप लागली असेल असं आम्ही समजत होतो.

शेवटी मीच पडतं घेतलं. पोलादपूरच्या स्टँडवर महाडची गाडी उशिरा होती. बाकावर आम्ही दोघीच. मी सरळ विचारलं, "बाई, तुम्ही आमच्या यांच्याबद्दल असं बोललात का?"

त्यांनी नाही म्हटलं नाही. "बोलले. आणि तेव्हा मला स्वतःचं बोलणं फार हुशारीचं वाटलं होतं." मग जरा थांबून, "त्या दिवशी तुमच्याकडे मी का उठले, सांगू? २०२१ च्या पुरात मी तळमजल्यावर भाड्याने होते."

२२ जुलै २०२१ ची ती रात्र आम्हा महाडकरांना सांगावी लागत नाही, पण तुम्हाला सांगते. सावित्री आणि गांधारी दोन्हीकडून पाणी आलं, तळमजले बुडाले, वीज गेली, फोन गेले. तिकडे तळिये गावावर दरड आली, आमच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी. बाई एकट्या. पाणी मांडीपर्यंत आल्यावर वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाने त्यांना ओढून घेतलं. रात्रभर जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून त्या पाणी एकेक पायरी चढताना बघत होत्या. "मेणबत्तीच्या उजेडात पायऱ्या मोजत होते," त्या म्हणाल्या, "आणि नाव घेत होते ते त्याचंच. पाण्यावरून चालणाऱ्याचं. तो खरंच चालला का, कसा चालला, यावर तुमच्या यजमानांनी मला विचारलं असतं तर मी बसून बोलले असते. मलाही सगळं कुठे कळलंय! पण त्यांनी मला विचारलं नाही. माझ्याकडे बघून ते त्या दोघांशी बोलत होते."

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. माझ्याकडे बघून त्या दोघांशी. आपल्या घरांत सुनेच्या माहेरावरून, जावेच्या रंगावरून, कुणाच्या उपासतापासावरून जे टोमणे होतात, ते आठवून पाहा. ज्याच्यावर बोलायचं त्याच्याशी कुणी बोलतच नसतं. ऐकायला तिसरा लागतो. तिसरा हसला की काम झालं.

बाई पुढे म्हणाल्या, "आणि मी तरी काय केलं? त्यांच्याबद्दल बोलले, त्यांच्याशी नाही. ऐकायला सगळे शिक्षक."

मग मी त्यांना आमच्या यांची ती रात्र सांगितली. हे स्वतः कधीच सांगत नाहीत. आमच्या बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत दोर बांधून हे आणि शेजारची मुलं म्हाताऱ्या माणसांना वरच्या मजल्यांवर नेत होती. पलीकडच्या आजी यांच्या पाठीवर. आजी ओरडताहेत, "धाव रे विरेश्वरा, धाव रे!" आणि हे छातीभर पाण्यातून म्हणताहेत, "धावतोच आहे हो आजी, तुम्ही गळा आवळू नका." चार खेपा केल्या. डावा गुडघा तेव्हापासून धरतो तो धरतोच.

बाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे त्या रात्री हाका त्यांच्याही कानात होत्याच की," म्हणाल्या. गाडी आली. आम्ही शेजारी बसलो.

आता इथे मला आपल्याच जिल्ह्यातली एक जुनी हकिगत आठवते. निजामपूरजवळच्या शिरवली गावचे विष्णुबुवा ब्रह्मचारी. मूळचे गोखले. ते नास्तिक नव्हते, वेदांचे कट्टर अभिमानी होते. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी ते ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालत. समोर अमेरिकन पाद्री जॉर्ज बोवेन. भरपूर गर्दी जमे. हे बोवेन तरुणपणी स्वतःच देव न मानणारे होते. ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं ती वारली, तिने मागे ठेवलेलं बायबल वाचता वाचता ते ख्रिस्ताकडे वळले, १८४८ साली मुंबईला आले, मिशनचा पगार सोडून साध्या वस्तीत राहिले आणि १८८८ मध्ये तिथेच वारले. त्या वादांचं बोवेन यांनी इंग्रजीत पुस्तक केलं, आणि विष्णुबुवांच्या बाजूचं मराठी पुस्तकही निघालं, 'समुद्रकिनारीचा वादविवाद'. एकमेकांना चिमटे काढले नसतील असं मी म्हणत नाही, गर्दीसमोर कुणाला मोह आवरतो! पण एकदा बोलून उठून गेले असं झालं नाही. पुन्हा पुन्हा समोरासमोर आले. ज्याचं तोंड उद्या पुन्हा बघायचं आहे त्याच्याशी माणूस जरा बेताने बोलतो. आम्हाला तर एसटीतच बघायचं होतं.

यांना मी स्टँडवरचं सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रविवारी संध्याकाळी मात्र चपला घालून म्हणाले, "चल, बाईंकडे जाऊन येऊ." त्या आता चवदार तळ्याच्या बाजूला वरच्या मजल्यावर राहतात. घरी कुलूप होतं. त्या तळ्याच्या काठी बसलेल्या सापडल्या.

त्या तळ्याची गोष्ट तुम्ही जाणताच. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक या तळ्याचं पाणी प्याले, आणि नंतर गावातल्या सवर्णांनी एकशेआठ घागरींनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. पाण्यावरून माणसाला कसं हिणवता येतं हे आमच्या गावाने चांगलंच पाहिलंय. माझ्या पणजीच्या पिढीने पाहिलं म्हणायचं. त्या काय म्हणाल्या असतील याची मी कधी चौकशी केली नाही, भीती वाटते म्हणून.

हे उभ्या उभ्याच म्हणाले, "बाई, माझं चुकलं. येशूवर विश्वास नाही माझा, तो बसेल असंही नाही. पण तुम्हाला पाहुणी म्हणून बोलावून हसायला नको होतं."

बाई म्हणाल्या, "माझंही चुकलं, तुम्हाला कळलंच असेल. बसा."

आणि मग माणसाने काय करावं? लगेच विचारलं, "पण मला सांगा, नैवेद्य का नाही खात?" मी कपाळाला हात लावला. बाई मात्र खुलल्या. म्हणाल्या, पौलाने करिंथच्या मंडळींना लिहिलेल्या पहिल्या पत्रात हाच प्रश्न आहे. करिंथ म्हणजे ग्रीस देशातलं शहर. तिथे देवळांत मूर्तींना वाहिलेलं मांस बाजारात विकायला येई, ते खावं की नाही यावरून ख्रिस्ती मंडळींत तंटे. पौलाचं म्हणणं असं, की मूर्ती म्हणजे काहीच नव्हे हे आपल्याला ठाऊक आहे, पण ते सगळ्यांनाच ठाऊक नसतं. आपल्या खाण्याने एखाद्याच्या मनाला ठेच लागत असेल तर आपलं खरं असूनही ते सोडून द्यावं.

"मूर्ती म्हणजे काहीच नव्हे?" हे ताडकन म्हणाले. "असं पौल म्हणतो? मग आम्ही आणि तुम्ही एकाच पक्षातले की!"

"अर्ध्या वाटेपर्यंत," बाई म्हणाल्या. "पुढचा अर्धा भाग तुम्ही ऐकलाच नाही."

घरी येऊन यांनी हे मोठ्या उत्साहाने सासूबाईंना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "काहीच नव्हे म्हणता दोघेही," त्या म्हणाल्या, "आणि मोदक पाचपाच खाता." बाईंना मी हे दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा त्या एसटीत इतक्या हसल्या की कंडक्टरने वळून पाहिलं.

म्हणजे सगळं गोड झालं असं समजू नका. कारखान्यातले ते दारूचा विनोद करणारे गृहस्थ अजून तोच विनोद करतात, फक्त आमच्याकडे येऊन नाही. आणि बाईंचं नि यांचं एका बाबतीत चांगलंच वाजलं. बाई सहज बोलून गेल्या की मी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते. हे तडकले. "माझ्यासाठी कशाला? मी काय आजारी आहे?" बाईंना समजेना यात चिडण्यासारखं काय. मला दोन्ही बाजू कळत होत्या. प्रार्थना म्हणजे बाईंच्या दृष्टीने माणसाला देता येण्याजोगी सगळ्यात चांगली वस्तू. यांच्या दृष्टीने मात्र तो शिक्का, की तुझ्यात काहीतरी कमी आहे. महिनाभर हे धुमसत होतं. मग बाईच म्हणाल्या, "ठीक आहे, तुम्हाला सांगणार नाही." हे म्हणाले, "न सांगता करणार म्हणजे?" बाई म्हणाल्या, "ते माझं आणि त्याचं. तुम्ही तर तो नाहीच म्हणता. मग तुमचं काय जातं?" यावर यांच्याकडे उत्तर नव्हतं. अजून शोधताहेत.

बाईंनी मला त्यांच्या घरातली 'स्मृतिचित्रे' वाचायला दिली. कॉलेजात परीक्षेपुरती वाचली होती, आता संसार करताना वाचली. रेव्हरंड टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाई १९०० पर्यंत हिंदूच राहिल्या. पाच वर्षं! आधी दूर, माहेरच्या माणसांत. मग नवऱ्याजवळ, पण सोवळं सांभाळून. लोक काय काय बोलले असतील! पण त्या बाईने लिहिताना सगळ्यात जास्त कुणाची फजिती केली असेल, तर स्वतःची. स्वतःच्या सोवळ्याची, भीतीची, संतापाची. नवऱ्याला हसतात तेही घरच्या माणसाने घरच्या माणसाला हसावं तसं. रात्री हे झोपल्यावर मी वाचत असे. एकदा मध्येच फिस्सकन हसले तर हे जागे झाले आणि म्हणाले, "मोठ्याने वाच." तेव्हापासून रात्री एकेक प्रकरण मोठ्याने. सासूबाई आपल्या खोलीतून ऐकतात, आवाज लहान झाला की "हं?" म्हणतात.

नाताळात बाईंकडून डबा आला. करंज्या, चकल्या, केक. यांनी करंजी हातात घेऊन मला विचारलं, "यावर प्रार्थना वगैरे झालीय का?" मी म्हटलं, उद्या त्यांनाच विचारा. दुसऱ्या दिवशी खरंच फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, "जेवायला बसताना करतो आम्ही, करंजीवर वेगळी नाही. पण तुमच्यासाठी वेगळ्या खेपेच्या पाठवू का?"

तोवर डबा रिकामा झाला होता.

यंदा चतुर्थी जवळ आली आहे. परसातल्या हळदीला पानं भरपूर आहेत. परवा मी गिरणीत निघाले तर सासूबाईंनी पिशवी परत आत आणवली आणि तांदूळ आणखी दोन वाट्या घातले. "दोन खेपांचं पीठ लागेल," म्हणाल्या, "आणि त्या दोघा कारखान्यातल्यांनाही बोलाव. बाईंच्या शेजारी बसव."